खुराड्याचे दार आणि शेवटची कोंबडी

परसात दहा-बारा कोंबड्या बाळगणाऱ्या घरात संध्याकाळी कोणीतरी एकजण हजर लागतो. लग्नाला गेलेले असोत, आठवडी बाजाराला की तालुक्याच्या कचेरीत. दिवेलागणीपर्यंत परतायचे, कोंबड्या आत गेल्या का ते बघायचे, एकदा मोजायच्या आणि खुराड्याचे दार लावायचे. एखाद्या संध्याकाळी हे राहून गेले तर रानमांजर, उदमांजर किंवा कोल्हा ती संधी सोडत नाही. स्वयंचलित दार हा या रोजच्या बांधिलकीवरचा उपाय. त्यात तीनच गोष्टी असतात: वरखाली सरकणारी एक पातळ झडप, ती हलवणारी छोटी मोटर आणि मोटरला 'आता' असे सांगणारे एखादे यंत्र. पहिल्या दोन गोष्टी गावातला फॅब्रिकेशनवाला आणि इलेक्ट्रिशियन मिळून एका दिवसात करून देतील. खरी गोम त्या 'आता'मध्ये आहे.

दार उशिरा लागले तर काय होईल? कदाचित काहीच नाही. अर्धा तास खुराडे उघडे राहिले, त्या अर्ध्या तासात कोणी फिरकले नाही, संपले. दार लवकर लागले तर मात्र जी कोंबडी बाहेर राहिली ती रात्रभर बाहेरच राहणार, हे नक्की. ती फार लांब जातही नाही. बंद दारासमोर किंवा शिडीच्या पाटीवर अंग आक्रसून बसते, म्हणजे जनावराला शोधायचेही कष्ट नाहीत. दोन्ही चुका सारख्या नाहीत. म्हणून दाराची वेळ ठरवताना 'कोंबड्या साधारण केव्हा आत जातात' हा प्रश्नच चुकीचा आहे. शेवटची कोंबडी केव्हा आत जाते, एवढेच विचारायचे.

त्यासाठी आधी कोंबडीची संध्याकाळ नीट बघायला हवी.

पाळीव कोंबडीचा पूर्वज तांबडा रानकोंबडा. तो दिवसभर जमिनीवर उकरून खातो आणि रात्री झाडावर चढून बसतो. सह्याद्रीत दिसणारा राखी रानकोंबडा वेगळ्या जातीचा, पण रीत तीच. उंचावर बसण्याची ओढ आपल्या गावरान कोंबडीत शाबूत आहे. खुराडे नसेल तर ती आंब्याच्या नाहीतर शेवग्याच्या फांदीवर जाते. गिरिराजसारख्या अंगाने जड कोंबड्यांना उडी जमत नाही, पण त्याही उंच दांडी शोधतातच.

अंधार पडायच्या आत जागा धरण्याची घाई तिच्या डोळ्यामुळे आहे. कोंबडीला रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी आपल्या डोळ्यात तीन प्रकारच्या, तिच्या डोळ्यात चार. शिवाय जोडशंकू वेगळे. पण हा सगळा कारभार उजेडातला. मंद प्रकाशात तिला फार कमी दिसते. आपण अंधाऱ्या खोलीत थोडा वेळ थांबलो की डोळे सरावतात. कोंबडी मात्र अंधारात जिथे असेल तिथेच थबकते. कोंबड्या पकडायच्या, विकायच्या किंवा मानमोडीची लस द्यायची तर गावाकडे रात्रीची वेळ का निवडतात, याचे उत्तर हेच. दिवसा अंगणभर पळवणारी कोंबडी रात्री दांडीवरून अलगद उचलता येते. तेव्हा एकदा पुरता अंधार झाला की बाहेर राहिलेली कोंबडी दार उघडे असले तरी ते शोधू शकत नाही. पूर्ण अंधारानंतर दार आणखी तासभर उघडे ठेवून कोंबडीचा काही फायदा नाही. फायदा झालाच तर रानमांजराचा.

उजेड तिला फक्त डोळ्यांनी कळतो असेही नाही. पक्ष्यांच्या मेंदूत आत खोलवर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात आणि कवटीतून झिरपणारा उजेड त्यांना पुरतो. मेंदूतली पिनिअल ग्रंथीही कोंबडीत स्वतःच प्रकाश ओळखते आणि रात्री मेलाटोनिन सोडते. म्हणजे कोंबडीकडे घड्याळही आहे आणि प्रकाशमापकही. घड्याळ तिला 'आता निघायची वेळ होत आली' असे सांगते आणि प्रकाश नेमका क्षण ठरवतो. म्हणूनच ढगाळ संध्याकाळी त्या लवकर आत येतात आणि स्वच्छ आकाश असले की रेंगाळतात.

निघण्याच्या आधी तासभर त्यांची खाण्याची गडबड चालते. रात्रभर पोट रिकामे राहणार म्हणून गळ्याखालची अन्नाची पिशवी टच्च भरून घेतात. अंड्यावरच्या कोंबड्या याच वेळी शिंपल्यांचा चुरा वेचून खातात, कारण अंड्याचे कवच बनायला सुमारे २० तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा असतो. मग एकेक करून त्या खुराड्याकडे सरकू लागतात. पण आत गेली म्हणजे गेली, असे समजू नये. पहिली कोंबडी आत जाते, बाहेर येते, पाणी पिते, परत जाते. दोघी आत गेल्यावर दांडीवरच्या जागेसाठी टोचाटोची होते आणि त्यातली एक बाहेर पडते. हे पंधरा-वीस मिनिटे चालते.

नॉर्वेच्या थोर्लीफ श्येल्डरुप-एबे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कोंबड्यांमधली ही टोचण्याची उतरंड पहिल्यांदा नीट मांडली: कोण कोणाला टोचते आणि कोण मुकाट्याने बाजूला होते. संध्याकाळी खुराड्याच्या दारात ही उतरंड डोळ्यांनी बघता येते. वरच्या कोंबड्या उंच दांडीवरची, कोपऱ्याकडची जागा धरतात. खालच्या, आणि विशेषतः कळपात नव्याने आलेल्या तलंगा, बाहेर ताटकळत राहतात. बाकीच्या स्थिरस्थावर झाल्या, अंधारामुळे टोचणे थांबले, की मगच त्या हळूच शिरतात. त्यामुळे शेवटची कोंबडी बहुतेक वेळा आळशी नसते, घाबरलेली असते. दांडीवर जागा अपुरी असेल तर ती येणारच नाही, झाडावर जाईल. प्रत्येक कोंबडीला वीतभर तरी दांडी मिळते का आणि शेवटच्या कोंबडीला दुसरीच्या अंगावरून न जाता ती गाठता येते का, हे आधी बघावे. दाराची वेळ पुढे-मागे करून जे प्रश्न सुटत नाहीत, त्यांतले बरेच बांबूची आणखी एक दांडी लावून सुटतात.

आता आकाशाकडे. सूर्य मावळल्यापासून तो क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतच्या काळाला नागरी संधिप्रकाश म्हणतात. दिव्याशिवाय बाहेरची कामे करता येतील एवढा उजेड तोवर असतो. कोंबड्यांची सगळी हालचाल याच काळात होते. स्वच्छ आकाश असेल तर भर दुपारी उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, सूर्यास्ताच्या क्षणी सुमारे ४०० आणि नागरी संधिप्रकाश संपताना जेमतेम ३ ते ४ लक्स. पौर्णिमेचे चांदणे त्याच्याही दहावा हिस्सा नसते.

हा काळ किती लांब, ते अक्षांशावर अवलंबून. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे हे सगळे २२ ते २५ मिनिटांत आटोपते. लंडनला तो तिरका उतरतो. तिथे जूनमध्ये याच टप्प्याला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. तिथला सूर्यास्त डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या आतच होतो आणि जूनअखेर रात्री ९:२० च्या सुमारास. साडेपाच तासांचा फरक! भर म्हणून वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, माणसे घड्याळाचे काटे तासभर सरकवतात; कोंबड्यांना त्याची खबर नसते. स्वयंचलित दारांचा मुख्य बाजार ब्रिटन, युरोप आणि अमेरिकेत आहे. तिथे साध्या टायमरवर कोणी का विसंबत नाही, हे यावरून कळावे.

आपल्याकडचे चित्र सौम्य आहे. मुंबईत सूर्यास्त सर्वांत लवकर होतो तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सहाच्या सुमारास. आणि सर्वांत उशिरा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ७:२० च्या सुमारास. म्हणजे वर्षभरात एक तास वीस मिनिटांचा हेलकावा. तो सर्वांत वेगाने सरकतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तेव्हाही आठवड्याला सहा मिनिटांच्या आसपास. पण महाराष्ट्र पूर्व-पश्चिम लांब पसरलेला आहे हे विसरून चालत नाही. घड्याळ सगळीकडे एक, सूर्य मात्र दर रेखांशाला चार मिनिटे आधी मावळतो. नागपूर मुंबईच्या सुमारे सहा अंश पूर्वेला, त्यामुळे थंडीत तिथे साडेपाचलाच दिवस बुडतो. मुंबईतल्या नातेवाइकाने आपल्या टायमरवर लावलेली वेळ काटोलच्या शेतावर जशीच्या तशी वापरली तर कोंबड्या चिडीचूप झोपल्यावरही अर्धा तास दार उघडेच राहील. उलट दिशेने केले तर अनर्थ.

दाराला वेळ कळवण्याचे मार्ग तीन.

पहिला, साधा टायमर. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, बोअरच्या मोटरला लावतात तोच. वर्षभर एकच वेळ ठेवायची तर ती जुलैला सोयीची हवी, म्हणजे पावणेआठ. मग नोव्हेंबरात अंधार पडल्यावर सव्वा तास खुराडे उघडे. हे मला पटत नाही. पण दर महिन्याच्या एक तारखेला वेळ बदलण्याची शिस्त असेल, तर आपल्या अक्षांशावर साधा टायमरही काम भागवतो. सूर्यास्त अलीकडे सरकणाऱ्या महिन्यांत, म्हणजे जुलै ते नोव्हेंबर, महिन्याच्या सुरुवातीचा सूर्यास्त धरायचा. पुढे सरकणाऱ्या महिन्यांत शेवटचा. असे केले की चूक नेहमी उशिराच्या बाजूला पडते. कमी पैशांत करायचे असेल तर हाच मार्ग.

दुसरा मार्ग प्रकाशाचा. एलडीआर नावाचा बटणाएवढा घटक असतो. त्यावर उजेड पडला की त्याचा विद्युतरोध घटतो, अंधारात वाढतो. दहा लक्सला तो दहा-वीस हजार ओहम असेल तर पूर्ण अंधारात दहा लाखांवर जातो. त्याच्याशी एक ठरावीक रोध जोडून मधल्या बिंदूचा विद्युतदाब मोजायचा. तो ठरलेल्या पातळीपलीकडे गेला की दार लावायचे. ऐकायला हे आदर्श वाटते, कारण कोंबडीही प्रकाशच बघते. पावसाळी संध्याकाळी दोघेही लवकर आवरतील, असे वाटते.

अडचण अशी की दोघे एकच प्रकाश बघत नाहीत. एलडीआर फणसाच्या सावलीत लावला तर त्याची संध्याकाळ अंगणाच्या आधी होते. ओट्यावरच्या दिव्याच्या समोर लावला तर त्याची रात्र होतच नाही. दिवाळीत अंगणात आकाशकंदील लागला आणि दार रात्रभर उघडे राहिले, हा प्रकार सहज घडण्यासारखा आहे. रस्त्यावरच्या पिवळसर दिव्याच्या जागी पांढरा एलईडी आला तरी हिशेब बिघडतो. त्यातून वळवाचा पाऊस. मे महिन्यात दुपारी चारला आभाळ भरून येते, दहा मिनिटे दिवा लावावा असा काळोख होतो. कोंबड्या वळचणीला, गोठ्यात, बैलगाडीखाली जिथे आडोसा मिळेल तिथे उभ्या असतात आणि इकडे दार लागते.

यावर तीन उपाय एकत्र करावे लागतात. एक, सेन्सर उघड्या आकाशाकडे, शक्यतो उत्तरेकडे तोंड करून, दिव्यांपासून आडोशाला बसवायचा. दोन, अंधार सलग दहा मिनिटे टिकला तरच हलायचे, आणि लागण्याची व उघडण्याची प्रकाशाची पातळी वेगवेगळी ठेवायची. ती एकच ठेवली तर ढग सरकला की दार वरखाली नाचत बसते. तीन, घड्याळाचे कुंपण: संध्याकाळी सूर्यास्ताच्या आसपासच्या ठरलेल्या वेळेआधी काही झाले तरी लागायचे नाही, आणि पहाटेपर्यंत काही झाले तरी उघडायचे नाही. हे शेवटचे नसेल तर मध्यरात्री अंगणात वळलेल्या जीपच्या दिव्यांनी दार उघडू शकते.

घड्याळ लागणारच असेल तर मग तिसरा मार्ग सरळ आहे: सूर्यास्त मोजणारे घड्याळ. गावाचे अक्षांश-रेखांश आणि तारीख दिली की सूर्यास्ताची वेळ गणिताने निघते. हेच काम करणारे ॲस्ट्रोनॉमिकल टायमर रस्त्यावरचे दिवे आणि मोठे फलक लावण्या-विझवण्यासाठी सर्रास वापरले जातात. इलेक्ट्रिकच्या मोठ्या दुकानात त्याच नावाने मागितले की मिळतात. स्वतः सर्किट जोडणारा असेल तर डीएस ३२३१ ही घड्याळाची चिप घ्यावी. तिची चूक वर्षाला मिनिटभराच्या आसपास. साधे क्वार्ट्झ घड्याळ वर्षात दहा मिनिटे सहज हलते. गणित नको असेल तर पंचांगातले सूर्यास्त महिन्याला दोन या हिशेबाने भरून ठेवले तरी पुरते. मात्र ते कोणत्या गावचे आहेत ते बघून रेखांशाची चार-चार मिनिटे कमी-जास्त करावी.

माझे मत या तिसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. ढगाळ दिवशी तो कोंबड्यांपेक्षा दहा-पंधरा मिनिटे मागे राहील, एवढाच त्याचा दोष. तो दोष उशिराच्या बाजूचा आहे, म्हणून चालेल.

आता सूर्यास्तानंतर किती मिनिटे थांबायचे? हा आकडा पुस्तकातून घेऊ नये. आठवडाभर संध्याकाळी खुराड्यापासून जरा लांब बसावे. जवळ बसले तर दाणे मिळतील या आशेने कोंबड्या तुमच्याभोवतीच घुटमळतात. रोज तीन नोंदी करायच्या: सूर्यास्त, पहिली कोंबडी कायमची आत गेली ती वेळ, शेवटची गेली ती वेळ. स्वच्छ आकाश असेल तर आपल्याकडे शेवटची कोंबडी साधारणपणे सूर्यास्तानंतर पंधरा ते पंचवीस मिनिटांत आत जाते. आठवड्यातला सर्वांत उशिराचा दिवस धरायचा, सरासरी नव्हे, आणि त्यात पाच-सात मिनिटे मिळवायची. सुरुवात सूर्यास्तानंतर ३५ मिनिटांनी करावी आणि स्वतः हजर राहून ती हळूहळू ३० किंवा त्याच्या आत आणावी. याच्या उलट, लवकरपासून सुरू करून 'बघू काय होते' असे करू नये.

ऋतू बदलला की हा आकडा पुन्हा तपासावा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याचे खुराडे संध्याकाळीही तापलेले असते. कोंबड्या शेवटच्या क्षणापर्यंत बाहेर थांबतात. त्याला उत्तर दार उशिरा लावणे नाही, छपरावर झावळ्या किंवा गवत टाकणे आणि वरच्या बाजूला जाळीची खिडकी ठेवणे. दार रात्रभर बंद राहणार म्हटल्यावर हवा खेळायला जाळी हवीच. खुराड्याच्या आत बाहेरच्यापेक्षा फार लवकर काळोख होत असेल तर कोंबड्या दारापाशी अडतात, आत डोकावतात, मागे फिरतात. आत एक अगदी मंद एलईडी लावून तो दाराबरोबर विझवला तर हा घोळ थांबतो.

आणि रोज निमूट आत जाणाऱ्या कोंबड्या अचानक जाईनाशा झाल्या तर टायमरला हात लावू नये. बॅटरी घेऊन रात्री खुराड्यात जावे. दांडीच्या फटींत तांबडे माइट असू शकतात; ते दिवसभर फटीत दडतात आणि रात्री रक्त पितात. नाहीतर कोपऱ्यात साप असू शकतो. कोंबडीला कारण असते.

दाराच्या यंत्रभागाबद्दल थोडक्यात. लाकडी फळी पावसाळ्यात फुगून अडकते, म्हणून ॲल्युमिनियमचा पत्रा बरा. दोन्ही बाजूंना खाच ठेवावी, पण तळाला नको. तळाच्या खाचेत विष्ठा, माती, भुसा साचतो आणि झडप बोटभर उघडी राहते. बोटभर फट घुशीला पुरते. दोरी आणि रिळावरचे दार स्वस्त पडते, पण दोरीवर लोंबणारी झडप खालून नाकाने उचलता येते; अमेरिकेत रॅकून पंजांनी हेच करतात. आट्यांच्या दांड्यावर फिरणारे दार मोटर फिरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे त्याला वेगळी कडी लागत नाही. मात्र ते जोराने दाबूही शकते. म्हणून झडप हलकी हवी, वेग कमी हवा, आणि मध्ये काही अडले की मोटरचा करंट वाढतो तो ओळखून दार परत वर जायला हवे. तयार दार विकत घेताना मी एवढे एक तपासेन: मध्ये दुधी भोपळा धरून बघायचा. वर आणि खाली थांबण्यासाठी लिमिट स्विच असतात. कोकणच्या खाऱ्या हवेत ते गंजतात आणि डब्यात मुंग्या घर करतात. तारा शिरतात ती भोके सिलिकॉनने बुजवावीत.

वीज किती लागते, याबद्दल उगाच भीती असते. मोटर अर्धा अँपिअर घेत असेल आणि दिवसातून दोनदा वीस-वीस सेकंद चालत असेल, तर तिचा दिवसाचा खर्च सहा मिलिअँपिअर-तासांच्या आत. त्याच दाराचा नियंत्रक बोर्ड जागा राहून २० मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला ४८० खातो. बॅटरी दार हलवण्यात संपत नाही, वाट बघण्यात संपते. सात अँपिअर-तासांची बॅटरी अशा बोर्डावर दोन आठवडेच जाईल. तोच बोर्ड मधल्या वेळात झोपवून ठेवायची सोय केली तर महिनोन्‌महिने. जुलैत सोलर पॅनेलवर ऊन नसते तेव्हा हा फरक कळतो. बॅटरी उतरत आली की दार बंद अवस्थेत अडकावे की उघड्या? माझ्या मते बंद. सकाळी कोणीतरी दाणे टाकायला येतेच आणि कोंबड्यांचा कालवा ऐकून त्याला कळते.

नव्या कोंबड्यांना हे दार लगेच लागू करू नये. आणल्यावर चार-सहा दिवस खुराड्यातच ठेवाव्यात, मग संध्याकाळच्या आधी तासभर सोडाव्यात. त्या आपणहून परतू लागल्या की मगच दार यंत्राच्या ताब्यात द्यावे. पिल्लांच्या कोंबडीला तर हा नियमच लागू नाही. ती पिल्लांना पंखाखाली घेऊन जमिनीवर, जिथे वाटेल तिथे बसते. तिच्यासाठी जुने डालगे आणि त्यावर ठेवायचा दगड हेच योग्य. कुठेतरी झुडपात अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडीही दाराच्या वेळेला येणार नाही. तिला शोधून आणावे लागते.

मुंगूस दिवसा येते. घार आणि शिक्राही. त्यांच्यापुढे या दाराचा काही उपयोग नाही. दिवसाच्या राखणीला कुत्रा, कोंबडा आणि झुडपांचा आडोसा. बिबट्याचा वावर असलेल्या भागात, जुन्नरसारख्या, पातळ पत्र्याच्या दारापेक्षा भिंत आणि छप्पर किती पक्के हा प्रश्न आधी येतो.

सकाळचे काम सोपे असले तरी एक सवय मोडावी लागते. कोंबडा आरवला की दार उघडायचे, असे करू नये. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की आरवण्याची वेळ कोंबड्याच्या आतले घड्याळ ठरवते. कायम मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही आपल्या पहाटेला आरवत राहिले. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, आणि कोंबड्याचे आरवणेही राहत नाही. तो उजाडायच्या बराच आधी सुरू करतो, आणि त्या वेळी निशाचर जनावरे अजून परतीच्या वाटेवर असतात. दार सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने उघडावे. अंडी घालणाऱ्या कोंबड्या असतील तर आणखी तासभर थांबायला हरकत नाही, आत पाणी ठेवलेले असले म्हणजे झाले. बऱ्याच कोंबड्या सकाळच्या पहिल्या काही तासांत अंडे घालतात. दार लवकर उघडले तर तेच अंडे करवंदीच्या जाळीत जाते आणि ते तुमच्याआधी मुंगसाला सापडते.